घरगुती संगणकाचा अनपेक्षित पुनरारंभ : कारणे व निदान (विशेष संदर्भ : देवळी परिसर)

प्रस्तावना

संगणक हा आता केवळ महानगरांतील कार्यालयांचा विषय राहिलेला नाही. वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या तालुक्याच्या गावीही विद्यार्थ्यांचे प्रकल्प, सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याचे अर्ज, दुकानाचे हिशेब अशी विविध कामे घरच्या संगणकावर होत असतात. अशा वेळी काम चालू असताना संगणक कोणतीही पूर्वसूचना न देता पुन्हा सुरू होऊ लागला, तर जतन न केलेले काम तर जातेच. परंतु हार्ड डिस्कवर लेखन चालू असतानाच वीज तुटली तर जुनी फाईलही निकामी होऊ शकते. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'फॉरमॅट करून घ्या'. हा सल्ला बहुधा घाईचा असतो. पुनरारंभ हे तापासारखे एक लक्षण आहे आणि त्यामागील कारण शोधल्याविना केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी असते. देवळी परिसराची वीज, येथील उन्हाळा व येथील कापूस लक्षात घेता हा शोध कॅबिनेट उघडण्यापूर्वी, कॅबिनेटच्या बाहेरूनच सुरू करणे इष्ट ठरते. त्याही आधी महत्त्वाच्या फाईलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.

संगणकाने ठेवलेली नोंद

विंडोज प्रणाली स्वतःच्या बंद होण्याची नोंद ठेवते, ही बाब अनेक वापरकर्त्यांना ज्ञात नसते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज'मधील 'सिस्टम' हा विभाग पाहावा. तेथे १०७४ क्रमांकाची नोंद असल्यास पुनरारंभ एखाद्या आज्ञावलीच्या किंवा अद्ययावतीकरणाच्या सूचनेने झालेला असतो. म्हणजे तो बिघाड नव्हे. 'कर्नेल-पॉवर ४१' ही नोंद मात्र प्रणाली नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाल्याचे सांगते. तिच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य असेल तर प्रणालीला काही लिहिण्याचीही उसंत मिळाली नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी संशय प्रामुख्याने वीजपुरवठा, उष्णता वा तत्सम यांत्रिक कारणांवर जातो. कोड शून्याहून वेगळा असेल तर प्रणाली कोलमडण्यापूर्वी तिला दोष आढळला होता, हे निश्चित.

दुसरी सोय अशी की, गंभीर दोष आल्यास प्रणालीने आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी रचना विंडोजमध्ये मुळातच केलेली असते. त्यामुळे निळ्या पडद्यावरील संदेश वाचण्यापूर्वीच नाहीसा होतो. 'सिस्टम प्रॉपर्टीज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' येथे 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' समोरील खूण काढल्यास तो संदेश पडद्यावर टिकून राहतो व उतरवून घेता येतो.

यासोबत आठवडाभर एक साधी वही ठेवावी. पुनरारंभाची वेळ, त्या क्षणी चालू असलेले काम, घरातील दिवा मिणमिणला काय, कूलर वा पाण्याची मोटर सुरू झाली काय, एवढे लिहिले तरी पुरते.

वीजपुरवठा

संगणकातील एसएमपीएस हा भाग घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. वीज क्षणभर खंडित झाल्यास आपल्या कॅपॅसिटरमधील साठ्यावर तो संगणकास पूर्ण भारावर सुमारे १२ ते १७ मिलिसेकंद तगवू शकतो. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजेच एकच आवर्तन हुकले तरी हा साठा संपू शकतो; डोळ्यांना दिवा केवळ लवल्यासारखा वाटतो. साठा संपत आला की एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला 'पॉवर गुड' संकेत काढून घेतो, आणि तो परत येताच संगणक प्रारंभापासून सुरू होतो. हा बिघाड मानण्याचे कारण नाही; चुकीच्या व्होल्टेजवर चुकीची गणिते होऊ नयेत म्हणून केलेली ती योजना आहे.

२००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्यानंतरच्या काही वर्षांतील दीर्घ भारनियमनाने ग्रामीण भागात घरोघरी इन्व्हर्टर आणला. पुनरारंभाचे एक नेहमीचे कारण या इन्व्हर्टरमध्येच दडलेले असते. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस' व 'नॉर्मल' अशा दोन स्थितींची कळ असते. 'नॉर्मल' स्थितीत वीज गेल्यावर बॅटरीकडे वळण्यास लागणारा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, संगणकाला चालत नाही. कळ 'यूपीएस'कडे करताच अनेक घरांतील तक्रार संपते. मात्र या स्थितीत इन्व्हर्टर साधारणतः १८० व्होल्टच्या खालची वीज स्वीकारत नाही. ओलिताच्या हंगामात कृषिपंपांचा भार असलेल्या वाहिनीवर दाब उतरला, तर वीज असूनही घर बॅटरीवर चालते आणि ऐन गरजेच्या वेळी बॅटरी रिकामी असते. अशा ठिकाणी संगणकापुरता स्वतंत्र लहान यूपीएस घेणे अधिक हिताचे.

जुन्या यूपीएसची बॅटरीही तपासावी. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीमागे जवळपास निम्मे होते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. विदर्भात ती लवकर संपते यात नवल नाही. याशिवाय सैल प्लग, एकाच बोर्डवर जोडलेला कूलर आणि नसलेले वा कोरडे पडलेले अर्थिंग, ही तीन कारणे पैशाविना तपासता येतात.

उष्णता, धूळ व कापूस

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचतो. प्रक्रियकाचे तापमान खोलीच्या तापमानावर आधारलेले असते. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रक्रियक ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी ८७ अंशांच्या घरात जातो. आधुनिक प्रक्रियक सुमारे १०० अंशांच्या जवळ प्रथम आपला वेग उतरवतो आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद पाडतो. संगणक सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, विशेषतः खेळ किंवा चित्रफितीचे काम चालू असताना आणि दुपारीच हा प्रकार घडत असेल तर उष्णतेचा विचार प्रथम करावा.

देवळी हा कापसाचा मुलूख. भाव वाढेपर्यंत वेचलेला कापूस घरातल्याच खोलीत साठवून ठेवण्याची येथील रीत आहे. त्याचे तंतू पंख्याच्या पात्यांवर व उष्माशोषकाच्या फटींत बसतात आणि त्यावर धूळ साचून नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा फिरताना दिसतो, पण हवा पुढे जात नाही. प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने वा ब्लोअरने हा थर काढावा. पाते मोकळे सोडून हवा मारल्यास पंख्याचे बेअरिंग खराब होते. प्रक्रियकावरील जुनी थर्मल पेस्ट वाळली असल्यास नवी लावावी. कूलरचा थेट झोत संगणकावर सोडण्याचा मोह टाळावा. त्यासोबत ओलावा व क्षारही आत जातात.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. त्यातील कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो.

स्मृती, मदरबोर्ड व आज्ञावली

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकावेळी एकच लावून पाहावी. संपर्कपट्ट्या खोडरबराने हलकेच पुसण्याचा गावठी उपाय कित्येकदा गुण देतो. विंडोजमधील 'मेमरी डायग्नॉस्टिक' ही सोय रात्रभर चालवावी. जुन्या मदरबोर्डवर माथा फुगलेले कॅपॅसिटर दिसल्यास तो बदलणेच योग्य. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष कॅपॅसिटरांमुळे जगभरातील असंख्य मदरबोर्ड असेच निकामी झाले होते.

आज्ञावलीचा दोष यानंतर पाहावा, परंतु तो नगण्य नव्हे. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' या कृमीने विंडोज एक्स्पी व २००० प्रणालींतील त्रुटीचा लाभ घेतला. पडद्यावर ६० सेकंदांची उलटगणती दिसे व संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. त्या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच, जुलैमध्ये प्रसृत केली होती. १९ जुलै २०२४ रोजी तर 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा-आज्ञावलीच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. ते मुख्यतः संस्थांचे होते, घरगुती नव्हे. विंडोज १० साठीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्यावे. तक्रार एखादे नवे उपकरण वा ड्रायव्हर बसविल्यापासून सुरू झाली असेल तर ते काढून पाहावे. 'सेफ मोड'मध्ये संगणक तासन्‌तास स्थिर राहत असेल तर दोष बहुधा तेथेच असतो.

दुरुस्तीस देताना

एवढे करूनही कारण न सापडल्यास संगणक वर्ध्याला न्यावा लागतो. नेताना वही, ४१ क्रमांकाच्या नोंदीतील कोड आणि 'सी' ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधील 'मिनीडंप' फाईली सोबत द्याव्यात. मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाल्यास आधी चालू स्थितीतील दुसरा एसएमपीएस लावून संगणक तासभर चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा. दुकानात संगणक एकदाही पुन्हा सुरू झाला नाही आणि घरी आणताच झाला, तर सुटा भाग विकत घेण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनला बोलावून घरातील सॉकेटवरील दाब सकाळी, दुपारी व कृषिपंप चालू असतानाच्या वेळी मोजून घ्यावा.