मणक्यांमधील गादी पुन्हा भरेल काय?

‘मणक्यांत गॅप पडली आहे’ हे वाक्य तुम्ही घरी किंवा दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांच्या तोंडून नक्कीच ऐकले असेल. वस्तुस्थिती मात्र बहुधा याच्या उलट असते. क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांमधली फट वाढलेली नसते, कमी झालेली असते. कारण त्या फटीतील गादी चपटी झालेली असते. ही गादी का झिजते आणि झिजलेली गादी शरीराकडूनच पुन्हा भरून घेता येईल काय, हे या लेखात पाहू.

गादीची रचना

आपल्या पाठीच्या कण्यात मान, पाठ व कंबर मिळून २४ सुटे मणके असतात. मानेचे अगदी वरचे दोन मणके सोडले, तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामध्येही एक असते. अशा एकूण २३ चकत्या. प्रत्येक चकतीचे दोन भाग असतात. बाहेर कोलॅजेन नावाच्या चिवट तंतूंचे अनेक पदरी कडे आणि आत मऊ, बुळबुळीत गाभा.

गाभ्यात प्रोटिओग्लायकान हे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. सब्जाचे बी पाण्यात टाकले की कसे फुगते, ते आठवा. गाभाही तसाच पाणी ओढून घेतो आणि फुगू पाहतो. बाहेरचे कडे त्याला आवरून धरते. या ओढाताणीमुळेच गादी भार सोसते. लहानपणी गाभ्यात ८० ते ९० टक्के पाणी असते. उतारवयात ते ७० टक्क्यांच्या आसपास येते.

एक सोपा प्रयोग करून पाहा. सकाळी उठल्याबरोबर भिंतीशी ताठ उभे राहून आपली उंची मोजून घ्या आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा मोजा. साधारण एक सेंटिमीटरचा फरक आढळेल. दिवसभराच्या भाराने चकत्यांतील थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते.

ओणवी पाठ

पासली आणि केळद ही वेल्हे भागातील, सह्याद्रीच्या माथ्याजवळची गावे. पाऊस भरपूर, म्हणून भात हे मुख्य पीक. लावणीच्या दिवसांत बायामाणसे चिखलात तासन्‌तास ओणवी राहून रोपे लावतात. अशा वेळी कंबरेच्या चकतीवर किती दाब येत असेल?

जर्मनीतील उल्म येथील विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत बारीक दाबमापक बसवून हा दाब मोजला. सरळ उभे असताना तो ०.५ मेगापास्कल होता. पुढे वाकल्यावर १.१ झाला. पाठीतून वाकून २० किलोग्रॅम वजन उचलताना तो २.३ वर गेला. तेच वजन गुडघे वाकवून उचलले, तेव्हा १.७ भरला. हे आकडे एकाच माणसाचे आहेत, पण त्यांवरून कल आपल्या ध्यानात येतो.

मात्र केवळ कष्टांमुळेच गादी झिजते, असे समजू नका. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा कामाच्या भारापेक्षा मोठा आढळला. शिवाय झिजलेली प्रत्येक गादी दुखतेच असेही नाही. पाठीची काहीही तक्रार नसलेल्या लोकांच्या एमआरआय चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के लोकांमध्येही चकतीची झीज दिसली होती.

गादीची जखम का भरत नाही?

हात कापला तर आठवड्याभरात जखम भरते, मोडलेले हाड काही आठवड्यांत सांधते. मग चकतीच का भरून येत नाही? याचे एक मोठे कारण म्हणजे उपासमार. शरीरातील बहुतेक पेशींपासून रक्ताची केशवाहिनी दशांश-दोन दशांश मिलिमीटरवर असते. मोठ्या माणसाच्या चकतीच्या गाभ्यात मात्र रक्तवाहिनीच नसते. तेथील पेशीपासून जवळची रक्तवाहिनी ७-८ मिलिमीटर दूर असू शकते. साखर आणि प्राणवायू मणक्याच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या पातळ थरातून विसरणाने, म्हणजे झिरपत झिरपत, तेथवर पोहोचतात. वयानुसार ही वाट आणखी अरुंद होते. चकतीच्या आकारमानात पेशींचा वाटा जेमतेम १ टक्का असतो आणि त्यांतल्याही मरू लागतात. पेशी कमी, म्हणून प्रोटिओग्लायकान कमी. ते कमी, म्हणून पाणी कमी. गादी चपटी होते, कड्याला चिरा पडतात आणि कधी गाभा त्यांतून बाहेर येऊन मज्जातंतूला टेकतो. मग कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते.

आजच्या उपचारांत वेदनाशामक औषधे व व्यायाम यांचा उपयोग होतो, आणि पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. शस्त्रक्रियेने बाहेर आलेला भाग काढता येतो, किंवा दोन मणके एकमेकांना जोडता येतात. पण जोडलेल्या जागी हालचाल उरत नाही. मुख्य म्हणजे यांपैकी कोणत्याही उपायाने मूळ गादी पुन्हा भरत नाही.

पुण्यातील मासे

पासली ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, पुणे शहरात, या प्रश्नावर महत्त्वाचे काम झाले आहे. तेथे आघारकर संशोधन संस्था आहे. ती १९४६ साली ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ने स्थापन केली आणि १९९२ साली तिला वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव दिले गेले. संस्था गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाच्या रस्त्यावर असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो, पण आघारकर वेगळे आणि आगरकर वेगळे.

येथील डॉ. चिन्मय पात्रा यांच्या गटाने झेब्राफिश हा मासा अभ्यासासाठी घेतला. बोटाच्या दोन पेरांएवढा हा पट्टेदार मासा मूळचा भारतीय उपखंडातल्या गोड्या पाण्यातला. आपल्यासारखाच त्यालाही पाठीचा कणा असतो आणि मणक्यांमध्ये चकत्या असतात. वयानुसार त्या झिजतातही.

चकतीतील पेशी ‘सीसीएन-२-ए’ नावाचे एक प्रथिन बाहेर सोडतात. हे प्रथिन काय करते, हे शोधण्यासाठी दोन उलटसुलट प्रयोग झाले. पहिल्यात, ज्यांच्यात या प्रथिनाचे जनुक निकामी आहे असे मासे तपासले. त्यांच्या चकत्या प्रथम नीट घडल्या. पण मासे प्रौढ झाल्यावर पेशींचे विभाजन मंदावले, पेशी अधिक मरू लागल्या आणि चकत्या झिजल्या. म्हणजे चकती टिकण्यासाठी हे प्रथिन आवश्यक आहे. दुसऱ्या प्रयोगात, वय झालेल्या साध्या माशांमध्ये हेच प्रथिन वाढवले. तेव्हा कड्याच्या बाहेरील भागातील पेशी जोमाने विभागू लागल्या, गाभ्यातील पेशींचे मरण कमी झाले आणि चकत्या पुन्हा भरू लागल्या! हे प्रथिन पेशींना निरोप पोहोचवते. ‘एफजीएफआर-१’ आणि ‘सॉनिक हेजहॉग’ या नावांनी ओळखली जाणारी संदेशसाखळी त्यामुळे जोर धरते. हे संशोधन २०२३ साली ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

याचे महत्त्व कशात आहे? बाहेरून नवी गादी बसवावी लागली नाही. पेशींजवळ आधीपासून असलेला निरोप वाढवताच त्या कामाला लागल्या. पुनर्जनन वैद्यकाचा हाच एक मार्ग. दुसऱ्या मार्गात अस्थिमज्जेतील मूलपेशी चकतीत टोचतात. तिसऱ्यात पेशींना आधार देणारा जेलसारखा पदार्थ भरतात. या दोन्हींच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत.

माशापासून माणसापर्यंत

मात्र घाई करून चालणार नाही. मासा पाण्यात तरंगतो. आपण उभे राहतो आणि डोक्यावर भारे वाहतो. माशाची चकती चिमुकली, तर आपली मोठी आणि उपाशी. तिच्यात पेशी वाढवल्या, तर त्यांना अन्न पुरेल काय? गर्भावस्थेतील पृष्ठरज्जूपासून आलेल्या विशिष्ट पेशी माणसाच्या गाभ्यातून साधारण दहाव्या वर्षापर्यंत बहुतांशी नाहीशा होतात. मग निरोप कोण ऐकणार? शिवाय ‘सॉनिक हेजहॉग’ची साखळी नको तेथे सतत चालू राहिली, तर काही प्रकारचे कर्करोग होतात, हे ठाऊक आहे. म्हणून असे औषध फक्त चकतीतच आणि नेमक्या मात्रेत पोहोचवावे लागेल. त्याआधी मोठ्या प्राण्यांवर आणि मग माणसांवर क्रमाक्रमाने चाचण्या कराव्या लागतील.

‘मूलपेशींच्या इंजेक्शनने गादी नवी करून देतो’ अशी जाहिरात दिसली, तर ही सारी वाट आठवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसारख्या मान्य उपचारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ अधिकृत चाचणीतच करता येतो. लावणीच्या हंगामात घरातील कोणाची कंबर धरली, तर विश्रांती, हलके फिरणे आणि डॉक्टरांचा सल्ला हेच उपाय योग्य. पायातील जोर कमी झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठले पाहिजे.