रविवारची भट्टी

सकाळी ६

रविवारी इतक्या लवकर उठण्याचं कारण ऊन. तापलेल्या पोलादाचं तापमान हौशी माणसाने ओळखायचं ते रंगावरून, आणि उन्हात हा रंग दिसत नाही. सावलीत लालभडक दिसणारी सळई उन्हात धरली की काळसर वाटते. माणूस तिला आणखी तापवत बसतो आणि पोलाद जळतं. त्यामुळे माझ्या दिवसाची वाटणी ठरलेली आहे. ठोकायचं सकाळी, घासायचं दुपारी, पाणी द्यायचं दिवेलागणीला.

आज एक गोल पटाशी करायची आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काम करणाऱ्या एका चाचांनी पुठ्ठ्याचा अर्धगोल कापून दिलाय. तंबोऱ्याची दांडी आतून कोरून पोकळ करायची असते, आणि भोपळा व दांडी यांना जोडणारा गुलू तर सगळा गोलाईचाच. बाजारातल्या पटाशीची गोलाई या कामाला जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला या निरोपाची गंमत वाटली, कारण मिरजेतली ही वाद्यकला मुळात शिकलगारांची. हत्यारांना धार लावणारं हे घराणं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सतारी-तंबोऱ्यांकडे वळलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारी पाजवणाऱ्यांच्या वंशजांना पटाशी एका कार्यालयीन कारकुनाने करून द्यावी, हा काळाचा विनोद आहे.

सकाळी ६:३०

भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम. त्याला खालून पाइप, पाइपाला हाताने फिरवायचा पंखा. विजेचा ब्लोअर स्वस्त मिळतो, पण तो आपण सळई शोधत असलो तरी कोळसा खातच राहतो. हात थांबला की हाताचा पंखाही थांबतो.

कोळसा लोणारी. इस्त्रीवाल्यांना पुरवणाऱ्या वखारीतून पोतं आणतो. तो बहुतेक वेड्या बाभळीचा असतो. दगडी कोळशाची आच जास्त टिकते, पण त्यातल्या गंधकाचा वास शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. लोणारी कोळशाला धूर जवळजवळ नाही, ठिणग्या मात्र भरपूर. म्हणून अंगात सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा, बाजूला वाळूची बादली. नायलॉनच्या कपड्याला ठिणगी लागली तर तो वितळून कातडीला चिकटतो.

सकाळी ७

आता माल निवडायचा. भंगारात लोखंड ढिगाने असतं, हत्यार होईल असं थोडंच. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. कितीही पाणी द्या, ती धार धरण्याइतकी कडक होत नाही. गाडीच्या स्प्रिंगमध्ये आणि पाट्यात तो अर्धा टक्का किंवा थोडा वर असतो. कानशीत एक टक्क्याच्याही पुढे. खात्री नसेल तर तुकडा ग्राइंडरला लावून ठिणगी बघावी. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघा ओढतात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्यांना टोकाला फुलबाजीसारखे फाटे फुटतात.

मी मोटारीच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून घेतला. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पट्टी मात्र भट्टीत कधीच घालू नये. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

सकाळी ७:३०

शेजाऱ्यांशी करार आहे: साडेसातच्या आत हातोडा नाही. ऐरण बाभळीच्या बुंध्यावर घट्ट बसवून तिला साखळीचा वेढा दिलाय, त्यामुळे तिचा कर्कश नाद बराचसा मरतो.

या ऐरणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. नवशिक्यांना सगळे सांगतात, रुळाचा तुकडा आण. रूळ ऐरणीला छानच असतो. पण तो रेल्वेचा असतो, आणि भंगारवाल्याकडे कुठून आला हे आपल्याला ठाऊक नसतं. १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर ताब्याविषयीच्या कायद्यात त्यासाठी तुरुंगवास आहे. लिलावाची पावती नसेल तर रूळ घरी आणू नये. माझी ऐरण म्हणजे साध्या पोलादाचा एक जाड ठोकळा. शिंग नाही, डौल नाही, काम चालतं.

पहिल्या तावात वेढा सरळ केला. दुसऱ्यापासून एक टोक निमुळतं करत नेलं. ही शेपटी मुठीत जाणार. घाव फार नसतात. सळई केशरी होते, बाहेर काढली की जेमतेम आठ-दहा घाव, तोवर ती मंद लाल झालेली असते. तिथे थांबायचं. मंद लालाच्या खाली गेलेल्या पोलादावर ठोकत राहिलं तर बारीक चिरा पडतात, आणि त्या पाणी देताना उघड्या पडतात. म्हणजे सकाळचा निम्मा वेळ पंखा फिरवण्यात आणि बघण्यात जातो. लोहारकाम म्हणजे दंडांचं काम, हा समज एका सकाळीत जातो.

दंड लागतो तो घणाला, आणि घण चालवायला दुसरा माणूस लागतो. घिसाड्यांच्या पालावर हे नीट बघायला मिळतं. नवरा डाव्या हाताने सांडशीत लोखंड धरतो, उजव्या हातातल्या लहान हातोडीने टिचकी देतो. जिथे टिचकी पडली तिथेच बायकोचा घण पडतो. हातोडी आडवी करून ऐरणीवर टेकवली की घण थांबतो. बोलणं काही नाही. मी जे काही शिकलो त्यातलं बरंचसं रस्त्याकडेच्या अशा एका पालावर भाता फिरवत शिकलो, आणि तिथल्या मावशीच्या घणाला मी नवखा म्हणून सवलत नव्हती. सांडशी हलली की ती फक्त बघायची. ते पुरे व्हायचं.

सकाळी ९

दुसरं टोक चपटं केलं, बोटभर रुंद आणि साधारण ४ मिलिमीटर जाड. आता गोलाई. जाड पाइप उभा चिरून केलेली पन्हळ ऐरणीवर ठेवली, चपटं टोक केशरी करून तिच्यात टेकवलं आणि वरून गोल गज ठोकला. ही पन्हळ, तो गज, लांब तोंडाची सांडशी, सगळं इथेच घडलेलं. या छंदात पहिले काही महिने हत्यारं करण्याची हत्यारंच होत राहतात, आणि घरच्यांना दाखवण्यासारखं काहीच नसतं. आईचा प्रश्न कायम आहे: "अरे, घरात लागणारं काही करशील की नाही?" तिला विळीचं पातं करून दिलंय. ती जुनीच वापरते.

पुठ्ठा लावून बघितला. एका कडेला उजेड दिसत होता. आणखी एक ताव.

सकाळी १०:१५

भट्टी विझवण्याआधी दोन कामं. एक, बाभळीच्या मुठीत शेपटी जाळून बसवायची. मुठीला आधी बारीक भोक पाडलेलं असतं. शेपटी लाल करून आत रेटली की ती आपल्या आकाराची जागा करून घेते. मग मूठ पुन्हा काढून ठेवायची. दुसरं, पटाशी लाल करून हवेतच निवू द्यायची, असं दोन-तीनदा. ठोकताना पोलादाच्या आत साठलेला ताण त्याने निघतो. हे टाळलं तर संध्याकाळी पाणी देताना पातं वाकडं होतं.

दुपारी १

जेवण, वामकुक्षी.

दुपारी ३

कानस, मग कानस, मग बारीक कानस. या तासांबद्दल कोणी लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही नसतं. पटाशी शेगड्यात आवळायची आणि बाहेरच्या बाजूने धारेचा उतार काढायचा, एकसारखा, गोलाईबरोबर मनगट फिरवत. धार आत्ता पूर्ण काढायची नाही. पैशाच्या नाण्याइतकी जाड ठेवायची. फार पातळ कड भट्टीत आधी तापते आणि जळून जाते.

संध्याकाळी ६:३०

उजेड उतरला की पुन्हा विस्तव. पाणी द्यायचं असं म्हणतात खरं, पण स्प्रिंगच्या पोलादाला मी तेल देतो. पाण्यात ते फार वेगाने थंड होतं आणि तडकण्याची भीती असते. लोखंडी डब्यात खाद्यतेल, हाताला चांगलं कोमट लागेल इतकं तापवलेलं, कारण गार तेल घट्ट असतं आणि पात्याची उष्णता ओढून घ्यायला मंद पडतं. डब्याचं झाकण हाताशी ठेवायचं. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं.

पंखा अगदी हळू. तारेला बांधलेला लोहचुंबक जवळ असतो. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं. तिथून रंग किंचित आणखी उजळ होऊ द्यायचा, आणि मग पातं सरळ उभं तेलात, आडवं हलवायचं नाही.

बाहेर काढून धारेवर कानस ओढली. ती चावली नाही, काचेवरून सरकावी तशी सरकली.

संध्याकाळी ७:१५

अशा अवस्थेतली पटाशी काचेइतकीच ठिसूळ असते. तिचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पातं घासून चकचकीत केलं, जाड लोखंडाचा ठोकळा लाल करून ठेवला आणि त्यावर पात्याचा शेपटीकडचा भाग टेकवला. पांढऱ्या दिव्याखाली रंग धारेकडे सरकू लागले: आधी फिकट पिवळा, त्यामागे तपकिरी, जांभळा, निळा. पृष्ठभागावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या थराची जाडी बदलते तसे हे रंग बदलतात. २२०-२३० अंशांच्या सुमाराला येणारा वाळल्या गवताचा पिवळा धारेला पोचला की लगेच पातं पाण्यात. लाकूड कोरायला तोच हवा. धार निळी होऊ दिली तर ती मऊ पडते आणि दुमडते.

रात्री ८

तेलदगड, मग चामड्याचा पट्टा. आतल्या गोलाईला गोल काठीवर गुंडाळलेला पॉलिश पेपर. मूठ ठोकून बसवली.

रात्री ९

चाचा आले ते खिशात तुणीच्या लाकडाचा तुकडा घेऊनच. पटाशी नखावर टेकवून बघितली, मग लाकडावर रेषेच्या उभ्यात आणि आडव्यात चालवली. आडव्यातही काप स्वच्छ आला.

"धार बरी हाय," ते म्हणाले. "मूठ लई लांब केलासा. ती मी कापतो. आता याच्या निम्म्या रुंदीची एक द्या."

पैशांचा विषय काढलाच तर, रेडिमेड पटाशीच्या किमतीत माझा कोळसासुद्धा निघत नाही. हे सुरू करायची इच्छा असलेल्यांनी म्हणूनच आधी ऐरण शोधत फिरू नये. गावाबाहेर घिसाड्याचं पाल असेल तर तिथे जावं, एखादं खुरपं किंवा कोयता करायला सांगावा, ते मागतील तो दाम घासाघीस न करता द्यावा, आणि विचारावं, भाता फिरवू का? बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.