ऑर्किडवरील कीड व पर्णरोग

ऑर्किडच्या पानावर डाग दिसला की संग्राहकाचे लक्ष प्रथम औषधाच्या बाटलीकडे जाते. वास्तविक रोगाचे मूळ बहुधा त्या झाडाला मिळालेल्या परिस्थितीत असते. ती सुधारल्याखेरीज औषधाचा गुण फार काळ टिकत नाही. म्हणून उपचारांकडे वळण्यापूर्वी या वनस्पतीची मूळची राहणी ध्यानात घेणे इष्ट ठरेल.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीनुसार भारतात ऑर्किडच्या १,२५६ जाती-उपजाती आढळतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अपिवनस्पती आहेत. त्या इतर वृक्षांच्या फांद्यांवर वाढतात, परंतु त्या वृक्षांचा रस शोषीत नाहीत. फांदीचा केवळ आधार घेतात. आसामात बिहूच्या दिवसांत स्त्रिया केसांत माळतात ते कपौ फूल याच प्रकारचे होय. अशा झाडावर मुसळधार पाऊस पडला तरी पाणी निथळून जाते आणि वाहता वारा पाने व मुळे थोड्याच तासांत कोरडी करतो. शहरातील सज्जात मात्र कुंड्या दाटीने ठेवलेल्या असतात, भिंतींमुळे वारा अडतो आणि सायंकाळी घातलेले पाणी रात्रभर पानांच्या बेचक्यात साचून राहते. बुरशीला आणि जीवाणूंना याहून अनुकूल स्थिती क्वचितच मिळेल. सकाळी पाणी घालणे, दोन कुंड्यांत पुरेसे अंतर ठेवणे आणि हवा खेळती राखणे या तीन गोष्टींनी जितके रोग टळतात तितके कोणत्याही फवारणीने टळत नाहीत.

लक्षणांची पारख

प्रत्येक डाग हा रोग नव्हे. प्रखर उन्हाने भाजलेला डाग पानाच्या सूर्यासमोरील फुगीर भागावर पडतो. तो प्रथम पांढुरका व मग पिंगट होतो, कोरडा राहतो आणि वाढत नाही. अगदी खालचे जुने पान पिवळे होऊन गळणे हा वाढीचा नैसर्गिक क्रम आहे. फुलांच्या देठांवर दिसणारे स्वच्छ, चिकट थेंबही पुष्कळदा झाडाचेच स्रवण असते. त्याने मुंग्या येतात, पण एवढ्यावरून कीड लागली असे अनुमान काढू नये. शंका आल्यास डागाच्या कडेवर पेनाने खूण करून ठेवावी. दोन-तीन दिवसांत डाग खुणेबाहेर सरकला तर तो रोग समजून तत्काळ हालचाल करावी. आठवड्यानंतरही जागच्या जागी राहिला तर बहुधा चिंतेचे कारण नसते.

रस शोषणाऱ्या किडी

घरगुती संग्रहात नेहमी आढळणाऱ्या किडी म्हणजे खवले कीड, पिठ्या ढेकूण, तांबडा कोळी व फुलकिडे या होत. खवले कीड पानांच्या खालच्या बाजूस, मध्यशिरेलगत आणि आभासी कंदांवरील वाळक्या सालपटांखाली दडलेली असते. पिठ्या ढेकूण कापसाच्या लहान पुंजक्यांसारखा दिसतो आणि मुळांतही शिरतो. पिठ्या ढेकूण व मऊ खवले कीड शरीरातून गोड, चिकट द्रव टाकतात. त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. या द्रवासाठी येणाऱ्या मुंग्या किडींचे त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करतात. म्हणून कुंड्या ठेवण्याच्या मांडणीचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवून मुंग्यांची वाट बंद करणे हा उपचाराचाच भाग समजावा. त्या वाट्यांतील पाणी मात्र वारंवार बदलावे, अन्यथा डासांची पैदास होते.

उपद्रव थोडा असेल तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून कीड पुसून काढावी आणि वाळकी सालपटे हलक्या हाताने सोलून टाकावीत. मोठ्या प्रमाणात उपद्रव असल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य द्रवसाबण मिसळून ऊन उतरल्यावर, पण पाने रात्रीपूर्वी सुकतील अशा बेताने फवारावे. प्रथम एकाच पानावर प्रयोग करून पाहावा. एकदा फवारून थांबणे ही येथील नेहमीची चूक होय. खवल्याखालची अंडी फवारणीतून वाचतात. त्यांतून निघणारी सूक्ष्म पिले काही काळ रांगत हिंडतात आणि मग एका जागी स्थिरावून स्वतःभोवती कवच तयार करतात. कवच तयार होण्यापूर्वीच त्यांना गाठता यावे यासाठी सात ते दहा दिवसांच्या अंतराने निदान तीन वेळा उपचार करावा लागतो.

तांबडा कोळी हा कीटक नसून अष्टपाद प्राणी आहे. उष्ण व कोरड्या हवेत, विशेषतः मार्च ते मे या काळात, त्याची संख्या झपाट्याने वाढते. पानांची खालची बाजू रुपेरी व ठिपकेदार होते आणि कधी बारीक जाळेही दिसते. पांढऱ्या ओल्या फडक्याने पानाची खालची बाजू पुसल्यास फडक्यावर तांबूस डाग उमटतात. अशा झाडाची पाने खालच्या बाजूने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सकाळी वरचेवर धुवावीत. सर्वसाधारण कीटकनाशकांचा कोळ्यांवर फारसा परिणाम होत नाही. उलट कोळी खाणारे मित्रकीटक मात्र त्यांनी मरतात. फुलकिड्यांमुळे कळ्या गळतात व पाकळ्यांवर रुपेरी किंवा पिंगट रेघा उमटतात. त्यांनी ग्रासलेली फुले व कळ्या काढून नष्ट कराव्यात आणि झाडांजवळ निळे चिकट कागद टांगावेत.

पावसाळ्यात गोगलगायी व शेंबड्या यांची त्यात भर पडते. १८४७ साली कलकत्त्यात आणली गेलेली आफ्रिकी गोगलगाय पुढे देशाच्या अनेक भागांत पसरली. मुळांची हिरवी टोके व कोवळे कोंब गोगलगायींना विशेष आवडतात. रात्री कुंडीजवळ काकडीची फोड ठेवून बॅटरीच्या उजेडात त्या वेचून काढणे हा उपाय कष्टाचा, पण खात्रीचा आहे.

बुरशी व जीवाणू यांचे रोग

करपा हा रोग बहुधा पानाच्या टोकापासून सुरू होतो. डाग पिंगट व खोलगट असतो आणि त्यात एकात एक वर्तुळे व काळे ठिपके दिसतात. त्याची गती मंद असते. रोगट भाग कापून झाड कोरड्या, हवेशीर जागी ठेवल्यास बहुधा भागते. काळी कूज मात्र अतिशय घातक आहे. फायटॉफ्थोरा व पिथियम या गटांतील सूक्ष्मजीवांमुळे ती होते आणि ओल्या हवेत कोवळ्या कोंबापासून किंवा मुळांपासून आभासी कंदात शिरते. जांभळट काळ्या डागाची पुढे सरकणारी कड पिवळसर असते. कॅटलियाचे झाड यामुळे काही दिवसांतच दगावते.

जीवाणुजन्य रोगाची खूण म्हणजे पाण्याने भरल्यासारखा, अर्धपारदर्शक डाग. फॅलिनॉप्सिसच्या पानावर असा डाग उठून तपकिरी होतो व गाभ्याकडे सरकतो; मऊ कुजीत पान लिबलिबीत होऊन दुर्गंधी सुटते. येथे एक दिवसाचा विलंबही महाग पडतो. डागापलीकडील दोन-तीन सेंटिमीटर निरोगी भागासह पान कापावे, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी आणि काही दिवस पाणी तोडावे. ही पूड मुळांना लावू नये, कारण ती मुळे सुकवते. ताम्रयुक्त बुरशीनाशके उपयुक्त असली तरी डेंड्रोबियमवर व फुलांवर आलेल्या झाडांवर त्यांचा वापर टाळावा. त्यांना तांबे बाधते.

विषाणू व चाकूचे पाते

वर वर्णन केलेल्या सर्व विकारांना काही ना काही उपाय आहे. विषाणुरोगाला मात्र नाही. सिंबिडियम मोझेइक व ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या संग्रहांत आढळतात. पानांवर पिवळ्या किंवा काळ्या, खोलगट रेघा आणि फुलांत रंगांची विस्कळीत छटा ही त्यांची लक्षणे होत. परंतु कित्येकदा झाड बाहेरून पूर्ण निरोगी दिसते. हे विषाणू मुख्यतः झाडाच्या रसातून, म्हणजे रोपे विभागताना व फुले कापताना वापरलेल्या हत्यारांतून पसरतात. संग्राहकाचा स्वतःचा चाकू हाच बहुधा त्यांचा वाहक असतो.

यावरून एक नियम निघतो. प्रत्येक झाड बाधित असू शकते असे मानूनच त्याला पाते लावावे. प्रत्येक झाडासाठी दाढीचे नवे पाते वापरणे हा स्वस्त व निर्धोक मार्ग आहे. नाहीतर चाकू ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून थंड करावा. एका कुंडीतील कोळसा, विटांचे तुकडे किंवा नारळाची सोडणे दुसऱ्या झाडाला वापरू नयेत. एका कुंडीतून निथळलेले पाणी खालच्या कुंडीत पडू देऊ नये. प्रयोगशाळेतील तपासणीत विषाणू निश्चित झाला तर ते झाड नष्ट करणे हाच उपाय उरतो. पंधरा वर्षे जोपासलेल्या झाडाबाबत हा निर्णय कठीण असतो. पण एका झाडाचा मोह सर्व संग्रहाला भोवतो.

या संकटातूनच एक मोठा शोध लागला, ही गोष्ट उद्बोधक आहे. १९६० साली फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियमच्या कोंबाचे अगदी टोकाचे सूक्ष्म ऊतक कृत्रिम माध्यमात वाढवून विषाणुमुक्त रोपे मिळविल्याचे प्रसिद्ध केले. त्याच पद्धतीने एका झाडापासून असंख्य रोपे तयार करता येऊ लागली आणि ऑर्किड सामान्य घरात पोहोचले. म्हणूनच मेलेल्या झाडाच्या जागी रानातून दुसरे उपटून आणणे आज अनावश्यक आहे. काही जातींच्या बाबतीत तर तो गुन्हा ठरतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने निळी व्हॅण्डा, तांबडी व्हॅण्डा आणि लेडीज स्लिपर यांना संरक्षण मिळाले आहे.

नव्या रोपाचे स्वागत

बहुतेक कीड नव्या रोपाबरोबर घरात येते. म्हणून नवे रोप निदान चार आठवडे इतरांपासून दूर ठेवावे, कुंडीतून काढून त्याची मुळे पाहावीत आणि त्याला सर्वांत शेवटी पाणी घालावे. रासायनिक औषध वापरणे अपरिहार्य झाले तर ते वेष्टनावरील प्रमाणातच, हातमोजे घालून, घराबाहेर आणि मुलांपासून व खाद्यपदार्थांपासून दूर वापरावे. जुन्या पुस्तकांतील शिफारशी डोळे मिटून स्वीकारू नयेत. त्यांत सर्रास सुचविलेल्या डीडीटीचा शेतीतील वापर भारतात १९८९ सालीच बंद करण्यात आला.

आठवड्यातून एकदा भिंग हाती घेऊन प्रत्येक पान खालून-वरून पाहण्याची सवय संग्राहकाने लावून घ्यावी. पहिल्या आठवड्यात दिसलेली कीड कापसाच्या एका बोळ्याने जाते. तीच तिसऱ्या महिन्यात दिसली तर झाडाला तिच्यातून सोडविणे पुष्कळदा अशक्य होऊन बसते.