अग्निशमन दलाचा बीए सेट : तो वेळेवर बदलणे का महत्त्वाचे?

महापालिका अग्निशमन दलासाठी नवे ब्रीदिंग अ‍ॅपरेटस सेट, म्हणजे जवानांच्या भाषेत ‘बीए सेट’, खरेदी करते तेव्हा चर्चा बहुधा खर्चाचीच होते. जुने सेट दिसायला धडधाकट असतात, मग बदलायचे कशाला, असे वाटू शकते. घरात कोणी अग्निशमन दलात असेल, तर याचे उत्तर तुम्हाला माहीत असायला हवे.

धूर इतका घातक का?

मुंबईत डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला. त्यातील बहुतेक जण गुदमरून गेले. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदू आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. फोमच्या गाद्या, सोफे, नायलॉन जळताना सायनाइडही तयार होते. ते पेशींना मिळालेला ऑक्सिजन वापरूच देत नाही. ओल्या रुमालाने थोडी काजळी अडते, हे वायू अडत नाहीत.

बीए सेट कसा काम करतो?

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो. आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. 6.8 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने साधारण 2,000 लिटर हवा मावते. विश्रांती घेताना माणसाला मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा पुरते. जिने चढताना, माणूस उचलून आणताना हीच गरज 40 लिटर किंवा त्याहून जास्त होते. म्हणून कागदावर 45 मिनिटांचा असलेला सेट प्रत्यक्षात अर्ध्या तासात संपू शकतो. हवा संपत आली की शिट्टी वाजते आणि जवानाला बाहेर पडावे लागते. मास्कच्या आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, म्हणजे बारीक फट राहिली तरी धूर सहसा आत शिरत नाही.

मग तो बदलावा का लागतो?

- अनेक कार्बन कंपोझिट सिलिंडरचे आयुष्य 15 वर्षे ठरलेले असते. मुदत संपली की ते वापरत नाहीत, मग वरून कितीही चांगले दिसोत.
- उष्णतेने आणि वयाने मास्कचे रबर कडक होते आणि चेहऱ्यावर नीट बसत नाही.
- तीव्र उष्णतेत मास्कची काच तडकू किंवा मऊ पडू शकते.
- जुने स्टीलचे सिलिंडर जड असतात. आगीच्या उष्णतेत हे ओझे हृदयावरचा ताण वाढवते.

नवा मास्कही चेहऱ्याला चिकटून बसला तरच उपयोगाचा. दाढी वाढलेली असेल तर कडेने फट राहते. आणखी एक सवय धोक्याची आहे : आग विझली की मास्क काढून ढिगारा उपसणे. ज्वाळा नसल्या तरी विषारी वायू असतातच. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमन जवानाचे काम कर्करोगकारक गटात टाकले. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा यांच्याशी त्याचा संबंध पुरेशा पुराव्यानिशी दिसला आहे.

घरच्यांनी कशाकडे लक्ष द्यावे?

आगीच्या ठिकाणाहून आल्यावर पुढीलपैकी काही दिसल्यास थांबू नका. 108 वर फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या :

- डोकेदुखी, चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखे वागणे
- आवाज बसणे, नाकात किंवा थुंकीत काजळी
- धाप लागणे, छातीत दुखणे, बेशुद्धी

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते, त्यामुळे आकडा 98 दिसला तरी रुग्ण गंभीर असू शकतो. निदानासाठी रक्ताची खास तपासणी लागते. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कने 100 टक्के ऑक्सिजन दिल्यास साधारण दीड तास पुरतो. म्हणून लवकर पोहोचणे महत्त्वाचे.

फुप्फुसाचा त्रास कधी कधी 24 ते 36 तासांनी वाढतो. विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे ही लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात. अशा वेळी धुरात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ड्युटीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. घरी येताच आंघोळ करायला सांगा आणि वार्षिक तपासणी चुकवू देऊ नका. आणि एक साधा प्रश्न विचारा : “तुमच्या सेटची तपासणी शेवटची कधी झाली?”