इर्कुत्स्कच्या ढालचिन्हांतील पाठदोष

नकलकाराच्या हातून एखादें अक्षर चुकलें म्हणजे अर्थ कसा फिरतो, हें पोथ्या जुळविणारांस सांगावयास नको. पण अशा दोषानें वाघाची शेपटीच बदलल्याचें उदाहरण रशियाच्या नगरचिन्हांत सांपडतें.

पीटर बादशहानें १७२२ सालीं राजचिन्हांचें दफ्तर स्थापून पिडमाँटचा काउंट सांती यास त्या कामीं नेमिलें. त्यानें नगरोनगरची माहिती मागविली. पण १७२७ सालीं तो स्वतःच सैबेरियांत हद्दपार झाला व काम अर्धवट राहिलें. पुढें कॅथरीन राणीच्या १७८५ च्या सनदेनें प्रत्येक नगरास चिन्ह असावें असें ठरलें.

सैबेरियांतील इर्कुत्स्कला १७९० सालीं मिळालेल्या चिन्हांत, तोंडांत सेबल धरून धांवणारा ‘बाब्र’ आहे. सेबल म्हणजे मौल्यवान कातड्याचा लहान प्राणी. बाब्र म्हणजे वाघ. फारसी कागद वाचणारांस ‘बब्र’ शब्द परिचित आहेच. राजधानींतील कारकुनांस तो नसावा. कारण १८७८ च्या प्रांतचिन्हाच्या वर्णनांत आकाराच्या जागीं ओकार येऊन ‘बोब्र’, म्हणजे पाणथळींतला बीव्हर, झाला. बीव्हर झाडाच्या साली खातो, तो सेबल कशास धरील? तथापि चित्रकारांनीं पडदेदार पाय व रुंद शेपटीचें एक काळें श्वापद काढिलें.

सोव्हिएत राज्य १९९१ सालीं लयास गेल्यावर वर्णनांत ‘बाब्र’ पुन्हां आला. चित्र मात्र तसेंच ठेविलें. आम्हांस हें योग्य वाटतें. शंभरांवर वर्षें चाललेला पाठ अशुद्ध असला तरी पुसून टाकूं नये.