ज्वारी गेली, हळद आली

फोडणीत चिमूटभर हळद टाकताना ती कुठल्या गावची, हे कोणी विचारते का? ती हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचीही असेल. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पण हा मुलूख मूळचा हळदीचा नव्हे, ज्वारीचा!

आणि मौज पाहा, ज्वारी तरी आपली कुठे? सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेत, सुदानच्या परिसरात, लोक ती पिकवीत. तिकडच्या खेड्यांप्रमाणे इथेही तिने सगळा संसार उचलला. दाणे माणसाला, कडबा बैलाला, धसकटे चुलीला. मध्ये तुरीची ओळ. उरलेले धान्य पेवात. १९७२च्या दुष्काळात पेवांचाही तळ दिसला, ही गोष्ट वेगळी.

१९६४मध्ये 'सीएसएच-१' हे संकरित वाण आले. उतारा वाढला; पण काढणीला पाऊस लागला की कणीस काळे पडे, आणि बायका म्हणत, भाकरीला गोडी नाही. पुढे पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे झाली, कालव्याचे पाणी आले, आणि पाण्यामागून ऊस व हळद.

हळदीचे काम मोठे चिवट. जूनच्या सुमारास लावलेली हळद नऊ महिन्यांनी निघते. मग गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, शिजवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, पिंपात फिरवून चकाकी आणायची. पूर्वी हे शिजवणे मोठ्या कढईत होई. आता वाफेचे बॉयलर आले. मात्र निवडायला बसतात त्या बायाच, आणि हात पिवळे होतात ते त्यांचेच.

ज्यांना पाणी नाही त्यांनी सोयाबीन धरले. शंभरेक दिवसांत पीक, दिवाळीच्या तोंडावर रोकड! त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही; मुलांची फी ज्वारीच्या पोत्याने भरता येत नाही. पण सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. कडबा नाही म्हणून बैल विकला, बैल नाही म्हणून ट्रॅक्टर भाड्याने आणला, भाड्याला रोकड हवी म्हणून पुन्हा सोयाबीन! आणि भाव पडला, तर ते पोते भाकरीच्या कामाचे नाही.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे म्हणून साजरे केले. शहरात ज्वारीचे पीठ सुबक पाकिटांतून मिळू लागले. ज्या घरी पेव होते, तिथली सासूबाईही आता आठवडी बाजारात ज्वारीचा भाव विचारते आणि दोन किलो कमीच घेते.