मुलीनें ‘स्त्री-अभ्यास’ घ्यावा काय?

गेल्या वैशाखांत आरोंद्यास आमच्या धाकट्या भावजींकडे आठ दिवस राहण्याचा योग आला. सांवतवाडी तालुक्याच्या अगदीं टोंकाचें हें गांव. पुढें तेरेखोलची खाडी, आणि किरणपाणीचा पूल ओलांडला कीं गोव्याचा पेडणें तालुका. घरांत त्या दिवसांत एकच वाद चालला होता. पुतणी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाली होती, आणि एम्. ए. ला ‘स्त्री-अभ्यास’ हा विषय घेण्याचा तिनें निश्चय केला होता. भावजींस तें मुळींच रुचलें नव्हतें. “वहिनी, तुम्हीं तरी तिला दोन शब्द सांगा,” ते म्हणाले. “बी. एड्. केलें तर शाळेंत नोकरी मिळेल. हा विषय शिकून पुढें करावयाचें काय? आणि स्त्रिया काय आपल्या घरांत नाहींत, कीं त्यांचा अभ्यास करण्यास विद्यापीठांत जावें?”

हा प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत विचारला जातो. म्हणून त्याचा विचार येथें थोड्या विस्तारानें करावासा वाटतो.

त्याच आठवड्यांत माझ्या दोघी वन्सं माहेरीं आल्या होत्या. निमित्त होतें हक्कसोडपत्राचें. वडिलार्जित घर व पोफळीची बाग दोघां भावांच्या नांवें व्हावी म्हणून बहिणींनीं आपला हक्क सोडावा, असा मसुदा तयार होता. आपल्याकडे ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तींत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. मीं स्वतः माझ्या माहेरीं अशी सही केली आहे, आणि ती कसली हें वाचूनही पाहिलें नव्हतें. पुतणीनें मात्र सहज विचारलें, “आत्या, बागेंत तुझा वांटा किती, ठाऊक आहे का तुला?” वन्सं हंसून म्हणाल्या, “वांटा घेऊन काय करूं ग? माहेर तुटूं नये म्हणून सही करायची.”

भावजींच्या प्रश्नाचें उत्तर या एका वाक्यांत आहे. कायदा काय म्हणतो तें पाहा. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाची वारस मानलें. १९९४ सालीं महाराष्ट्रानें अविवाहित मुलींस, आणि २००५ सालीं मध्यवर्ती सरकारनें सर्वच मुलींस, एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. आतां पूल ओलांडून पलीकडे जाऊं. गोव्यांत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेली पद्धत आहे. लग्नापूर्वीं निराळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मिळकत दोघांची समाईक ठरते आणि तींत पत्नीचा निम्मा हिस्सा असतो. स्थावर विकावयाचें झाल्यास तिची सही लागते. म्हणजे एकाच खाडीच्या कांठीं दोन संसार; दोन्ही घरीं बाईचे कष्ट सारखेच; परंतु एकीचा निम्मा हक्क कायद्यानें मानलेला, दुसरीचा नाहीं. तेथेंही सर्व गोड आहे असें नव्हे. समाईक मिळकतीचा कारभार परंपरेनें नवऱ्याच्याच हातीं राहिला. आणि १८८० च्या पोर्तुगीज फर्मानानें तर, पत्नीस ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा न झाल्यास, हिंदु पुरुषास दुसऱ्या लग्नाची वाट मोकळी ठेवली होती.

हक्क कागदावर आहे, आणि तरीही तो सोडण्याची सही होते. असें कां होतें? याचें उत्तर एकट्या कायद्यांत नाहीं, एकट्या अर्थशास्त्रांत नाहीं, आणि एकट्या इतिहासांतही नाहीं. तिन्ही एकत्र ठेवून तें शोधणें, हाच स्त्री-अभ्यासाचा विषय होय.

हा विषय परदेशांतून आणलेलें नवें खूळ आहे, अशी एक समजूत आहे. वस्तुतः बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ सालींच प्रसिद्ध केला. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल झालेली शिक्षा हें त्यास निमित्त झालें. ताराबाई मराठा कुळांतील. परंतु आपल्या घरांतील केशवपनाचें व कोंडमाऱ्याचें दुःख त्यांनीं स्पष्ट शब्दांत मांडलें, हें आपण विसरतां कामा नये. पुढें अण्णासाहेब कर्व्यांनीं १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. त्याच विद्यापीठांत १९७४ सालीं नीरा देसाई यांच्या पुढाकारानें स्त्रीविषयक संशोधनाचें केंद्र सुरू झालें. त्याच वर्षीं सरकारी समितीचा स्त्रियांच्या स्थितीविषयीं अहवाल बाहेर आला, आणि स्वातंत्र्यानंतर सर्व सुधारलें आहे हा भ्रम त्यानें दूर केला. पुणें विद्यापीठाचें स्त्री-अभ्यास केंद्र १९८७ सालचें. तेथील प्राध्यापिका शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनीं जात बाजूला ठेवून स्त्रीचा प्रश्न समजत नाहीं, असें आग्रहानें शिकविलें. सोंवळ्यांतली विधवा आणि लावणीची मजूर यांचें दुःख एक नव्हे, पण एकमेकांपासून तुटलेलेंही नव्हे.

दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमास बहुतेक ठिकाणीं कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि मुलांसही तो खुला आहे. स्त्री-चळवळीचा इतिहास, कायदा, श्रम, जात, कुटुंब आणि संशोधनाची पद्धति असे विषय असतात. शेवटीं स्वतः माहिती गोळा करून प्रबंध लिहावयाचा. आंकडे वाचण्याची संवय हा त्यांतला मोठा लाभ. २०१९ च्या सरकारी पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रीचीं त्यांत दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें जातात आणि करणाऱ्या पुरुषाचीं ९७, असें आढळलें. हीं मिनिटें कोणत्याही पगारपत्रकांत नसतात. आरोंद्यासारख्या गांवच्या मुलीस पुणें-मुंबईच गांठावी लागते असेंही नाहीं. पुलापलीकडे गोवा विद्यापीठांत स्त्री-अभ्यासाची एम्. ए. करतां येते.

आतां पुढचा प्रश्न पोटाचा. येथें खोटी आशा दाखवूं नये. प्राध्यापकीसाठीं ‘नेट’ परीक्षा द्यावी लागते. तींत हा विषय आहे, परंतु जागा थोड्या, आणि विद्यापीठांतील केंद्रांच्या अनुदानाचा भरंवसा नाहीं. मात्र दुसरीं दारें उघडीं आहेत. २०१३ च्या कायद्यानें दहा किंवा अधिक माणसें काम करतात अशा प्रत्येक कचेरींत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं समिती हवी, व तींत बाहेरची एक जाणकार व्यक्ती हवी. १९७५ सालीं स्थापन झालेलें महिला आर्थिक विकास महामंडळ बचतगटांचें काम पाहतें. त्यांस हिशेब आणि माणसें दोन्ही जाणणारे हात लागतात. आपल्याच जिल्ह्यांत वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत स्वामिनी गटाच्या बायकांनीं कांदळवनाची होडीसफर सुरू केली. असे उद्योग उभे राहतांना कर्ज, परवाने, घरचा विरोध हें सारें समजणारें माणूस बरोबर असावें लागतें. वृत्तपत्रें, सेवाभावी संस्था, ग्रामपंचायतींचें प्रशिक्षण हीं क्षेत्रें आहेतच. महाराष्ट्रांत पंचायतींतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठीं राखीव आहेत, आणि निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसूं नये यासाठींही शिक्षण लागतें.

म्हणून पालकांस माझें सांगणें एवढेंच. मुलीस वाचनाची आवड व गांवोगांव हिंडण्याची तयारी असेल तर तिला अडवूं नये. परंतु जोडीस कायद्याची पदवी, बी. एड्. किंवा आंकडेशास्त्र असें कांहीं घेण्यास सांगावें. केवळ पदवीच्या नांवासाठीं जाणाऱ्या मुलीनें हा विषय घेऊं नये, हेंही तितकेंच खरें.

भावजींस मीं हेंच सांगितलें. ते बराच वेळ गप्प होते, मग पुतणीस हांक मारून म्हणाले, “तो अर्ज आण बघूं इकडे.” हक्कसोडपत्र मात्र त्या दिवशीं तसेंच राहिलें. धाकट्या वन्सं म्हणाल्या, “घरीं नेतें, एकदां नीट वाचून पाहतें.” त्या सही करतील कीं नाहीं, हा त्यांचा प्रश्न, त्या ती वाचून करतील, एवढें मला पुरे वाटलें.